काका, तुमची बेटांवरची माणसं

हस्तीमलकाका,

तुमच्या उठावण्याला, तिसऱ्या दिवसाच्या बैठकीला, मी आले होते. बायकांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर बसले, काकूंचा हात हातात घेतला आणि कुणी काही विचारायच्या आत उठून निघाले. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. शहाद्यात चाळीसेक वर्षं फोटोफ्रेमचं दुकान चालवलेल्या माणसाबद्दल प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी असतंच. कुणाच्या लग्नाचा फोटो, कुणाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, कुणाच्या मुलीचं प्रमाणपत्र, सगळं तुमच्याच हातून काचेमागे गेलेलं. एक जण म्हणाला, काकांना आयुष्यात कुणी शत्रू नव्हता, कुणी त्यांना कधी फसवलं नाही. त्यानंतर मला तिथे बसवेना. तुम्हाला फसवणारी बाई त्याच्यापासून चार हातांवर बसली होती.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुम्ही होतात तेव्हा जे तोंडातून निघालं नाही, ते आता लिहितेय. तुम्हाला याचा काही उपयोग नाही हे कळतं मला. मला होईल असंही वाटत नाही.

आपली ओळख नकाशामुळे झाली. शाळेतला जगाचा नकाशा घड्यांवर फाटायला आला होता, तो काचेत बसवून आणा म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं, कारण भूगोल माझ्याकडे. तुम्ही नकाशा टेबलावर पसरलात, चार कोपऱ्यांवर लाकडी पट्ट्यांचे तुकडे ठेवलेत आणि माप घ्यायचं सोडून बोटाने समुद्र चाचपायला लागलात.

"बाई, याम्हा तिमोर कोठे शे?"

बारा वर्षं मी शिकवत होते, पण तिमोर कुठे आहे असं मला कुणीही विचारलं नव्हतं. मी दाखवलं. ऑस्ट्रेलियाच्या वर, जावा-सुमात्राची जी माळ जाते तिच्या शेवटाकडे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि नाक कागदाला लागेल इतके वाकलात.

"इतलंसंच?"

"एवढंच."

मग तुम्ही अंबोन विचारलंत. ते त्या नकाशात छापलेलंच नव्हतं. मी पेन्सिलीने अंदाजाने एक ठिपका काढला, शाळेच्या नकाशावर, आणि तुम्ही इतके खूश झालात की मला मागच्या खोलीत नेऊन ती अकरा चित्रं दाखवलीत. त्या दिवसापासून मी तुमची 'भूगोलबाई' झाले.

चित्रं कशी आली ते तुम्ही मला किती वेळा सांगितलंत! भावनगरच्या बाजूला समुद्रकिनाऱ्यावर मोठमोठी जहाजं तोडतात, त्यांच्यातलं सामान सुरतेच्या बाजारात येतं. पलंग, आरसे, कपबशा, सगळं. तुम्ही तिथे जुन्या फ्रेमा घ्यायला जायचात, कारण लाकूड चांगलं आणि काच जाड. एकदा एका विलायती जहाजातल्या अकरा फ्रेमा एकदम मिळाल्या. घरी आणून मागचे पुठ्ठे उचकटलेत, तर आत ही माणसं. रद्दीत टाकायची म्हणून बाजूला काढलीत आणि टाकता आली नाहीत. परत त्याच फ्रेमांत घालून मागच्या खोलीत टांगलीत. काकू म्हणायच्या, "घरना देव दुकानम्हा आनि दुकानना भूत घरम्हा." दुकानाची मागची खोली म्हणजे तुमच्या घराची पुढची खोली. येता-जाता त्यांना त्या माणसांच्या नजरेसमोरून जावं लागायचं.

छापील चित्रं होती, पण रंग हाताने भरलेले. जाड, पिवळा पडलेला कागद, त्यावर तपकिरी ठिपके, आणि चित्राभोवती छापताना दाबल्याची एक बारीक चौकट. खाली तिरप्या विलायती अक्षरांत एकेक ओळ, त्यातली दोन-चार बेटांची नावं तेवढी तुम्हाला लागली होती. मी अक्षर अक्षर लावून वाचायचे. तिमोर बेटावरची स्त्री. अंबोनचा कोळी. सुंबा बेटावरचा घोडेस्वार. बोर्निओचा योद्धा, हातात ढाल, ढालीवर केसांचे झुपके. वर उजव्या कोपऱ्यात आकडे. मी तुम्हाला सांगितलं की हे आकडे म्हणजे पानांचे, कुणीतरी दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक फाडून त्याच्या फ्रेमा केल्यात. तुम्हाला पुस्तक फाडल्याचं वाईट वाटलं. जहाज तोडल्याचं नव्हतं वाटलं.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात.

"आनि नाव? त्यास्नं नाव कोठे शे?"

"नाव नाही काका."

"तिमोरनी बाई, हाई काय नाव व्हयनं? शहादाना मानूस म्हनीसन मन्हा फोटो लाई देशी का तू?"

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, ही चित्रं नाहीत, हा नमुना आहे. फुलपाखराला टाचणी टोचून खाली जात लिहावी तसा. ज्यांनी काढली त्यांना माणूस नको होता, जात हवी होती. मी सातपुड्यातली पावरा, आदिवासी. आमच्याकडे होळीला कॅमेरे घेऊन येणारे मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे मला हे शिकवायची गरज नव्हती. तुम्ही हिऱ्याने काच कापता कापता ऐकायचात. म्हणायचात, काढलं नसतं तर एवढंही उरलं नसतं. मी विचारायचे, उरलं काय काका? कपडे आणि दागिने. तुम्ही तोंडात पुठ्ठा ठोकायच्या बारीक चुका धरलेल्या असायच्या, म्हणून उत्तर लगेच द्यायला लागायचं नाही. ते तुमचं नेहमीचं युद्धशास्त्र होतं.

पण खरे होतात तुम्ही. तुमच्याच विरुद्ध जाणारी गोष्ट तुम्हीच मला बोलावून दाखवलीत. शाळेत निरोप आला, भूगोलबाईंना पाठवा. मला वाटलं तब्येत बिघडली. येऊन बघते तर तुम्ही तीन फ्रेमा काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या. तिमोरची बाई, सुंब्याची बाई आणि सेलेबेसची बाई.

"देख," म्हणालात.

बघितलं. एकच चेहरा. तेच नाक, तीच हनुवटी, मान वळवायची तीच तऱ्हा. एकीच्या अंगावर रेघांचं लुगडं, दुसरीच्या कानात मोठ्या बाळ्या, तिसरीच्या हातात पानसुपारीची टोपली. चित्रकाराने तिन्ही बेटांना एकच बाई वाटून दिली होती आणि वरून वेगवेगळे कपडे चढवले होते. इतकी वर्षं रोज काच पुसूनही तुम्हाला ते दिसलं नव्हतं. मी म्हणणार होते, बघा, मी सांगत नव्हते? पण तुमचा चेहरा पाहून बोलले नाही. घरातलं कुणी वारल्याची बातमी आल्यासारखे बसला होतात.

"मंग ह्या तिन्ही बाया कोनीच नहीत?" तुम्ही विचारलंत.

"हा एक खरा असेल," मी म्हणाले आणि म्हाताऱ्या अंबोनी कोळ्याकडे बोट दाखवलं. त्याचा एक डोळा बारीक होता, बुब्बुळावर पांढरं आलेलं. असा डोळा कुणी मनाने काढत नाही. समोर बसलेल्या माणसाचाच असणार. तुम्ही उठलात आणि त्याची काच परत एकदा पुसलीत. पुढे तुमच्या सांगण्यावरून मी परदेशातल्या एका संग्रहालयाला इंग्रजीत लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, सभ्य आणि आभार मानणारं. चित्रातल्या व्यक्तींची नोंद उपलब्ध नाही. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, दुसरीकडे लिही. दुसरीकडे लिहिलं. तिथून उत्तरच आलं नाही.

आता ती मे महिन्याची दुपार. तीन वर्षं झाली. तुम्ही माळा साफ करायला काढला होतात आणि जुना माल जमिनीवर पसरला होता. देवादिकांची, बाळांची, धबधब्यांची पोस्टरं. मी गंमत म्हणून चाळत बसले. एका गठ्ठ्यात एकाच पोस्टरच्या वीस-पंचवीस प्रती होत्या. होळीच्या सणात नटलेली एक बाई, मागे पळसाचं झाड, खाली छापलेलं, 'सातपुड्यातील आदिवासी स्त्री'. तिच्या गळ्यात चांदीची हासळी. हासळीच्या एका टोकाचा गोंडा तुटलेला आणि तिथे टोचू नये म्हणून लाल दोरा गुंडाळलेला.

काका, माझी आई मी सहा वर्षांची असताना तापाने गेली. नदीकाठच्या आमच्या गावातून पावसाळ्यात माणसाला खाली आणायला वाट नसायची. तिचा एकही फोटो नाही. चेहरा मला आठवत नाही, आवाज आठवत नाही. आठवतो तो फक्त तिच्या गळ्यातला लाल दोरा. तिच्या मांडीवर बसून मी तो नखाने सोडवायचा प्रयत्न करायचे आणि ती माझ्या बोटावर चापट मारायची.

मी गठ्ठ्यातून एक पोस्टर ओढून उजेडात धरलं. तुम्ही विचारलंत, काय झालं?

"ही माझी आई आहे."

तुम्ही हसलात. आधी हसलात, कारण तुम्हाला गंमत वाटली. मग माझ्याकडे नीट बघितलंत.

"काका, अशी किती विकली तुम्ही?"

"मोजात नही."

"कुठे कुठे?"

"हाटेलम्हा, दवाखानाम्हा, कचेरीम्हा... बठा लोके लई जायेत. माले काय माहीत व्हतं, बेटी?"

"तुम्हाला तिमोरच्या बाईचं नाव पाहिजे होतं," मी म्हणाले. "आणि माझ्या आईला तुम्ही वीस वर्षं गठ्ठ्याने विकत होता. तिचं नाव काय म्हणून एकदा तरी कुणाला विचारलंत?"

हे मी ओरडून म्हणाले. बाहेर दोन गिऱ्हाइकं होती, ती निघून गेली. तुम्ही तोंडातल्या चुका एकेक काढून डबीत ठेवल्यात. पहिल्यांदाच तोंड रिकामं असून उत्तर दिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या दारात उभे. हातात कागदात गुंडाळलेली फ्रेम. आत या म्हटलं तरी पायरी चढेनात. फ्रेम जहाजातली होती, अकरांपैकी सगळ्यात चांगली, गडद लाकडाची. सुंब्याच्या घोडेस्वाराला त्याच्या पुठ्ठ्यासकट दुसऱ्या फ्रेममध्ये हलवून तुम्ही पोस्टरमधल्या त्या बाईला आत बसवलं होतं. खालची छापील ओळ कापून टाकली होतीत.

"चूक व्हयनी मन्ही," तुम्ही म्हणालात. "तुन्ही मायनं नाव काय?"

"सोमली."

"बठं सांग. गाव, बापनं नाव, बठं."

मी सांगितलं. तुम्ही खिशातल्या वहीत लिहून घेतलंत.

पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, एसटीने जिल्हाभर फिरायला लागला. आठवेल त्या प्रत्येक ठिकाणी. पिशवीत गोंदाची बाटली, ओलं फडकं आणि पांढऱ्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्ट्या. पट्टीवर लिहिलेलं, 'सोमलीबाई', त्याखाली आमच्या धरणात बुडालेल्या गावाचं नाव. बहुतेक ठिकाणी पोस्टर कधीच गेलेलं असायचं. भिंतीला टाइल्स लागलेल्या, मालक बदललेले. एका कचेरीत तुम्हाला विचारलं, कुणाच्या परवानगीने लावताय? तुम्ही म्हणालात, जिचा फोटो आहे तिच्या मुलीच्या. त्यांनी पट्टी लावू दिली नाही, पण फोटो उतरवून कपाटामागे ठेवला. त्याचं तुम्हाला फार लागलं. "मी गऊ नसतू तर भिंतवर तरी ऱ्हाती," म्हणालात.

शेवटी तीन जागा सापडल्या. नवापूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, विसरवाडीला हायवेवरच्या एका हॉटेलात आणि पुरुषोत्तमनगरला एका निवृत्त साहेबांच्या घरी. नवापूरहून आलात त्या दिवशी दुकानात न जाता थेट माझ्याकडे आलात. उन्हाने नाक सोललेलं. कंपाउंडरने पट्टी मोठ्याने वाचली आणि बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी वर बघितलं, हे तुम्ही मला मान वर करून दाखवलंत. एवढा आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिला नव्हता.

काका, त्या दिवशी तुम्ही माझ्या ओट्यावर बसून हे सांगत होतात तेव्हा आतल्या खोलीत माझी दितली मावशी झोपली होती.

मावशी तळोद्याकडच्या पुनर्वसनाच्या गावात राहते. धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेल्यावर जी घरं तिथे आली त्यांतलं एक तिचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला शहाद्याला आणलं होतं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी तिच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. सकाळच्या उजेडात ती माझ्या घरात फिरून एकेक वस्तू बघत होती, पाण्याचा माठ, माझा चष्मा, माझे पांढरे केस. मग भिंतीवरच्या त्या फ्रेमसमोर उभी राहिली. ती पावरीत बोलली, मी तुम्हाला मराठीत सांगते.

"ही कोण गं?"

"मावशी, ही आई नाही का?"

ती जवळ गेली. काचेवर हात ठेवला. हासळीवर बोट फिरवलं.

"हासळी सोमलीची आहे. हा दोरा मीच गुंडाळला होता. बाई सोमली नाही."

मग तिने सांगितलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला होता. त्याला कुणाचाच साज पुरेसा वाटेना. मग त्याने जमलेल्या बायकांच्या अंगावरचं एकेक काढायला लावलं, हिचं कडं, तिचं दंडावरचं, सोमलीची हासळी, आणि सगळं एका मुलीला घातलं, कारण ती दिसायला चांगली होती. मुलगी नदीपलीकडची, कुणाच्या तरी पाहुण्यांबरोबर आलेली. फोटो झाल्यावर सगळ्यांनी आपापलं परत घेतलं.

"तिचं नाव काय होतं?"

"मला काय माहीत. पाहुणी होती."

"कुणाची पाहुणी?"

मावशीने डोळे मिटले. नवा डोळा तिला दुखत होता. "ती घरं कुठे गेली आता, कोण सांगणार? तुझी आई माझ्या बाजूला उभी होती. फोटो काढताना ती हसत होती, माझी हासळी फोटोत चालली म्हणून."

म्हणजे आई तिथेच होती. फोटोच्या बाहेर, दोन पावलांवर.

तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही ओट्यावर बसून मान वर करून पेशंटांची नक्कल करत होता आणि मला बोलता आलं नाही. मी स्वतःला म्हटलं, आज नको, आज म्हातारा आनंदात आहे. नंतर म्हटलं, त्यांची तब्येत बरी नाही. ही सगळी कारणं खोटी, काका. खरं कारण हे की मला तो चेहरा सोडवत नव्हता. सहा महिने मी त्या बाईला आई म्हणून बघत होते. सकाळी तिच्यासमोर केस विंचरत होते. माझी हनुवटी तिच्यासारखी आहे असं मी ठरवून टाकलं होतं. चेहरा परत केला असता तर माझ्याकडे पुन्हा एक लाल दोरा उरला असता.

आणि तुम्ही फिरतच राहिलात. तीन बेटांना एकच चेहरा वाटून देणाऱ्या त्या चित्रकाराला मी किती शिव्या घातल्या होत्या. त्याने निदान कुणाचं खोटं नाव लिहिलं नव्हतं. आपण दोघांनी मिळून एका परक्या मुलीच्या अंगावर माझ्या आईचं नाव चढवलं, आणि त्यातलं मला एकटीला ठाऊक होतं. ती मुलगी कुठे असेल? असेल तर आज सत्तरीची असेल. नवापूरच्या त्या दवाखान्यात कधी औषधाला आली असेल तर स्वतःकडे बघून तिला ती पट्टी वाचताही आली नसेल.

एकदा आपलं फार भांडण झालं, आठवतं? मी म्हणाले, आता पुरे, नावं शोधताय ती स्वतःच्या समाधानासाठी. तुमच्या मनाला टोचतं म्हणून. तुम्ही दुखावलात. खाली बघून म्हणालात, "मन्हाकडे उनात ना ह्या लोके. मंग माले इचारनं पडी ना, तुम्ही कोन?" दारी आलेल्याला नाव विचारायचं, एवढंच तुमचं म्हणणं. मला तुम्हाला थांबवायचं होतं आणि खरं कारण सांगायचं नव्हतं, म्हणून मी तुमच्या चांगुलपणावरच घाव घातला. आठ दिवस मी दुकानाकडे फिरकले नाही. तुम्ही निरोप पाठवला नाहीत. नवव्या दिवशी काकूंनी शेवभाजी पाठवली आणि मी डबा परत द्यायला म्हणून आले. तुम्ही म्हणालात, "बस." एवढंच. त्या एका शब्दाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत.

मग नंदुरबारचा दवाखाना. हृदयाला सूज आलीय असं डॉक्टर म्हणाले. मी ठरवून गेले होते. बसमध्ये वाक्यं पाठ करत गेले. दुपारची भेटीची वेळ होती, काकू जेवायला खाली गेल्या होत्या, आपण दोघंच. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणाले, "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मन्हं ऐक," तुम्ही म्हणालात. नाकातली नळी हलली. पुरुषोत्तमनगरच्या साहेबांच्या घरची पट्टी सुटली होती, त्यांच्या सुनेने फोन करून कळवलं होतं. नवी पाठवायची होती. पिशवीतून कापलेला पुठ्ठा काढायला लावलात, पेनही होतं. "मन्हा हात कापस. तुन्हं अक्षर चांगलं शे, तूच लिख."

मी लिहिलं. तुमच्या पलंगाच्या कठड्यावर पुठ्ठा टेकवून, वळणदार अक्षरात लिहिलं, सोमलीबाई. खाली गावाचं नाव. तुम्ही डोळ्यांजवळ धरून वाचलंत आणि मान डोलावलीत. मग विचारलंत, "तू काय सांगनार व्हती?"

"काही नाही. बरे व्हा लवकर."

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

उठावण्यानंतर काही दिवसांनी मी दुकानात गेले. तुमचा मुलगा सुनील दुकान आवरत होता. तो भला मुलगा आहे, त्याला दोष नाही. मागच्या खोलीच्या भिंतीवर फिकट चौकोन राहिले होते. सुरतेचा एक सजावटवाला येऊन चित्रं घेऊन गेला, समुद्रकाठच्या कुठल्या तरी नव्या हॉटेलात लावणार म्हणाला. सुनील ओशाळून म्हणाला, "ताई, तुम्हाला एक ठेवायला हवं होतं, माझ्या लक्षातच राहिलं नाही." मागचे पुठ्ठे किडले होते म्हणून त्याने नवे लावून दिले होते. जुने कोपऱ्यात पडले होते. मी उचलले. प्रत्येकावर आतल्या बाजूला तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरात लिहिलेलं, 'नाव कळले नाही. विचारणे.' अकराच्या अकरा पुठ्ठ्यांवर तेच. म्हाताऱ्या कोळ्याच्या पुठ्ठ्यावर तर तीन वेळा, तीन निरनिराळ्या पेन्सिलींनी.

ते पुठ्ठे मी घरी आणलेत. माणसं सुरतेला गेली, माझ्याकडे त्यांच्या पाठी आहेत. कुणाला विचारू? तुमच्या वहीत लिहिलेले संग्रहालयांचे पत्ते माझ्याच अक्षरात आहेत. परत लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

गेल्या रविवारी विसरवाडीला गेले. सोबत गोंद नव्हता, फक्त ओलं फडकं होतं. ठरवलं होतं की निदान एका ठिकाणची पट्टी काढायची, मग नवापूर, मग पुरुषोत्तमनगर. मी सुरू केलेलं मीच पुसायचं. हायवेवरचं ते हॉटेल तुम्ही सांगितलं होतं तसंच, पुढे ट्रक उभे, आत पत्र्याखाली पंखे. गल्ल्यावर मालकीण बसलेली, माझ्याच वयाची, कपाळावर मोठं कुंकू. तिच्या डोक्यामागे ती बाई, आणि खाली तुमची पट्टी. तुमच्या हाताची, अक्षरं थोडी डावीकडे झुकलेली.

मी बघतच उभी राहिले. मालकिणीने विचारलं, "कोठल्या शेत तुम्ही?"

"शहाद्याची. हे पट्टी लावणारे काका होते ना, ते वारले."

"अरेरे. भला मानूस व्हता." तिने हात जोडले. मग वर बघितलं. "आते तर ट्रकवाला लोके म्हनतस, सोमलीबाईना हाटेलम्हा जेवाले थांबू. मन्हं नाव कोनी ल्हेत नही."

ती हसली. मी फडकं पिशवीतून काढलं होतं, ते हातातच राहिलं. समोरच्या टेबलावरचे दोन ड्रायव्हर जेवत होते. एकाने पाणी पिता पिता फोटोकडे बघितलं आणि परत ताटात बघितलं. मालकीण माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती काय विचारणार ते मला आधीच कळलं. अजून वेळ होता. एक वाक्य होतं फक्त, दवाखान्यात जाताना पाठ केलेलं, मला तोंडपाठ होतं.

"हाई तुन्ही माय शे का, बहीण?"

काका, मी हो म्हणाले.